स्कॅनरवर पी००११ दिसला म्हणून टायमिंग चेन बदलू नका

साताऱ्याच्या एका वाचकाचे पत्र: "माझी आठ वर्षे जुनी, चार सिलिंडरची १.२ लिटर पेट्रोल गाडी ९२,००० किलोमीटर चालली आहे. कामानिमित्त पुण्याला नेहमी जाणे-येणे असते. दोन महिन्यांपासून पुण्यात सिग्नलला गाडी थांबली की इंजिन थरथरते, आता बंद पडते की काय असे वाटते. पुढे चेक इंजिनचा दिवा लागला आणि तेव्हापासून परतताना खंबाटकीच्या घाटात गाडी ओढत नाही. अ‍ॅव्हरेजही घसरले आहे. सकाळी पहिल्यांदा सुरू करताना एक-दोन सेकंद खडखड होते आणि थांबते. गॅरेजमध्ये स्कॅनर लावल्यावर पी००११ हा कोड आला. त्यांनी ओसीव्ही (ऑइल कंट्रोल व्हॉल्व्ह) बदलून कोड पुसला, पण पाचव्या दिवशी दिवा पुन्हा लागला. दुसऱ्या गॅरेजने टायमिंग चेन किट आणि व्हीव्हीटी स्प्रॉकेट (चेनचे दातेरी चाक) दोन्ही बदलावे लागतील असे सांगून २८,००० रुपयांचा अंदाज दिला आहे. इंजिन ऑइल शेवटचे १४,००० किलोमीटरपूर्वी बदलले. तेव्हा महामार्गावरच्या मेकॅनिकने उन्हाळा आहे म्हणून २०डब्ल्यू-५० घातले होते. हा खर्च करावा का?"

सप्रेम नमस्कार.

हा खर्च आत्ता करू नका. चेन किंवा स्प्रॉकेट खराब नाहीच, असे मी इथे बसून म्हणू शकत नाही. परंतु ते खराब आहे असे ठरवण्यासाठी जे पाहायला हवे होते, त्यातले काहीही दोन्ही गॅरेजांनी पाहिल्याचे तुमच्या पत्रावरून दिसत नाही. तुम्ही ऑइलची माहिती पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता दिली आहे. माझ्या दृष्टीने तुमच्या तक्रारीचा तपास तिथूनच सुरू व्हायला हवा.

पी००११ या कोडचा अर्थ आधी नीट पाहू. सोप्या शब्दांत तो असा: पहिल्या बँकेच्या 'ए' कॅमशाफ्टचे टायमिंग अपेक्षेपेक्षा पुढे गेले आहे, किंवा ते बदलणारी यंत्रणा ठरल्याप्रमाणे काम करत नाही. कॅमशाफ्ट म्हणजे व्हॉल्व्ह उघड-बंद करणारा दांडा. 'ए' म्हणजे इनटेकचा, आत घेणाऱ्या व्हॉल्व्हचा कॅम, 'बी' म्हणजे एक्झॉस्टचा, धूर बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा. बँक म्हणजे सिलिंडरची रांग. तुमचे इंजिन सरळ चार सिलिंडरचे असल्यामुळे त्यात बँक एकच आहे आणि तिथे गोंधळाला जागा नाही. या अर्थातला 'किंवा' फार महत्त्वाचा आहे. कॅम पुढे जाऊन अडकला तरी हाच कोड येतो, आणि नुसता सांगितल्या वेळेत सांगितल्या जागी पोहोचला नाही तरी अनेक गाड्यांत हाच कोड येतो. कोड परिणाम सांगतो. तो कोणत्या भागामुळे झाला हे त्यात कुठेही लिहिलेले नसते, आणि स्कॅनरच्या पडद्यावर कोडखाली एखाद्या भागाचे नाव झळकले तरी तो केवळ एक अंदाज असतो.

आता ही यंत्रणा चालते कशी ते समजून घ्या, म्हणजे पुढच्या तपासण्या कशासाठी करायच्या हे तुम्हाला गॅरेजमध्ये उभे राहून कळेल. पिस्टन ज्याला फिरवतात त्या क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक फेरा होतो, आणि हे प्रमाण टायमिंग चेन राखते. जुन्या इंजिनांत हे नाते कायमचे बांधलेले असे. व्हीव्हीटी, म्हणजे व्हॉल्व्हची वेळ चालता चालता बदलण्याची सोय, असलेल्या इंजिनात कॅमच्या टोकाला असलेले चेनचे स्प्रॉकेट आतून पोकळ असते आणि त्या पोकळीत पाती असलेला एक रोटर बसवलेला असतो. पात्यांच्या एका बाजूला दाबाखालचे ऑइल सोडले की रोटर, आणि त्याच्याबरोबर कॅम, काही अंश पुढे सरकतो. दुसऱ्या बाजूला सोडले की मागे येतो. ऑइल कोणत्या बाजूला जाईल हे ठरवतो तो ओसीव्ही, म्हणजे ऑइल कंट्रोल व्हॉल्व्ह. त्याच्या डोक्यावर विजेची कॉइल असते, अंगात सरकणारी बारीक दांडी असते, आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, त्या कॉइलला सेकंदात अनेक वेळा वीज देऊन-तोडून ती दांडी हव्या त्या जागी धरून ठेवतो. कॅम खरोखर किती सरकला, हे ईसीयूला कॅम आणि क्रँकच्या सेन्सरवरून कळते. हुकूम आणि प्रत्यक्ष यांतली तफावत ठरावीक मर्यादेबाहेर गेली आणि ठरावीक वेळ टिकली, की कोड नोंदला जातो. बऱ्याच गाड्यांत गाडी लागोपाठ दोनदा सुरू करून चालवताना तेच दिसल्याशिवाय दिवा लागत नाही. कोड पुसल्यावर दिवा लगेच न लागता पाचव्या दिवशी लागला, यात म्हणूनच आश्चर्य नाही, आणि मधल्या चार दिवसांत गाडी दुरुस्त झालेली होती असाही त्याचा अर्थ नाही.

या सगळ्या साखळीत वीज फक्त हुकूम देण्यापुरती आहे. कॅम प्रत्यक्ष हलवण्याचे काम ऑइल करते, तेच ऑइल जे बेअरिंगना वंगण देते. त्यामुळे ऑइल कमी असेल, मळलेले असेल, चुकीच्या ग्रेडचे असेल किंवा त्याची वाट अर्धवट बुजलेली असेल, तर प्रत्येक सुटा भाग निर्दोष असूनही पी००११ येऊ शकतो.

तुमच्या गाडीत घातलेल्या ग्रेडचा विचार करा. अशा इंजिनांसाठी मालकाच्या पुस्तिकेत बहुधा ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० सांगितलेले असते. तुमच्या पुस्तिकेत काय आहे ते पाहून घ्या, कारण शेवटचा शब्द तिचाच. ग्रेडचे आकडे ठरवणाऱ्या एसएई मानकानुसार १०० अंश सेल्सिअसला २० ग्रेडच्या (नावातला शेवटचा आकडा धरायचा) ऑइलची स्निग्धता, म्हणजे जाडपणा, ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक्स या पट्ट्यात असते, ३० ग्रेडची ९.३ ते १२.५, आणि ५० ग्रेडची १६.३ ते २१.९. म्हणजे इंजिन पूर्ण तापलेले असतानाही तुमचे ऑइल २० ग्रेडच्या साधारण दुप्पट जाड आहे, आणि सकाळी थंड इंजिनात तर ही तफावत आणखी वाढते. जाड ऑइलने दाब वाढेल आणि कॅम जोरात हलेल, असा एक तर्क गॅरेजमध्ये ऐकू येतो. पंपाच्या तोंडाशी दाब वाढतो हे खरे, पण तो मर्यादेपलीकडे गेला की रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि जादा ऑइल पुढे न जाता मागे फिरते. ओसीव्हीच्या आणि स्प्रॉकेटच्या अरुंद वाटांतून प्रश्न असतो ऑइल किती लवकर वाहते याचा, आणि ईसीयूने त्यासाठी किती वेळ द्यायचा हे कारखान्यात पातळ ऑइल धरून ठरवलेले असते. उन्हाळ्यात जाड ऑइल घालण्याची रीत कार्ब्युरेटरच्या काळातल्या इंजिनांत चालून जात असे, कारण त्या इंजिनांना ऑइलकडून वंगणाखेरीज दुसरे फारसे काही करून घ्यायचे नसे.

त्यात १४,००० किलोमीटरची भर. आपल्याकडच्या अशा पेट्रोल गाड्यांना साधारणपणे १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल तेव्हा ऑइल बदलायला सांगितलेले असते. मुदत उलटलेल्या ऑइलात गाळ आणि वार्निशसारखा चिकट थर तयार होतो. ओसीव्हीची दांडी ज्या नळीत सरकते तिथली फट इतकी कमी असते, की तेवढा थरही तिला अडखळवायला पुरतो.

आता तुमच्या लक्षणांचा क्रम पाहा, कारण तो बोलका आहे. आधी सिग्नलला थरथर सुरू झाली, नंतर दिवा लागला, आणि दिवा लागल्यानंतर घाटात ओढ कमी झाली. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी असून इंजिन नुसते चालू असताना, इनटेकचा कॅम सहसा मूळ जागी, म्हणजे मागे आलेला असावा लागतो. तो पुढेच राहिला तर इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहण्याचा काळ वाढतो, जळालेला वायू सिलिंडरमध्ये मागे राहतो आणि इंजिन थरथरते. तुम्ही वेगातून येऊन सिग्नलला थांबता तेव्हा कॅमने चटकन मागे यायचे असते. तो रेंगाळतो आहे असे या थरथरीवरून वाटते. त्यानंतर ईसीयूने दोष नोंदवला, की बहुतेक गाड्यांत तो टायमिंग बदलण्याचा प्रयत्नच सोडून देतो आणि कॅमला मूळ जागी ठेवतो. त्यामुळे घाटात कमी वेगावर जो जोर व्हीव्हीटीमुळे मिळायचा तो मिळत नाही आणि पेट्रोलही जास्त लागते. म्हणजे घाटातली तक्रार हा वेगळा रोग नसून ईसीयूने घेतलेल्या सावध पवित्र्याचा परिणाम असण्याची शक्यता अधिक आहे. हा अंदाज आहे, निदान नाही. तो पडताळायचा कसा ते पुढे सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे कोड पुन्हा पुसू देऊ नका, आणि बॅटरीची वायर काढून दिवा घालवण्याची युक्तीही करू देऊ नका. कोडबरोबर ईसीयू त्या क्षणाची एक नोंद साठवतो, तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. त्या वेळी इंजिनचे फेरे किती होते, पाण्याचे तापमान किती होते, गाडीचा वेग आणि इंजिनावरचा भार किती होता, हे तिथे लिहिलेले असते, आणि कोड पुसला की तेही पुसले जाते. आपल्याकडे बीएस-४ गाड्यांना एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ (इंजिनातले दोष नोंदवणारी यंत्रणा) बंधनकारक झाले, त्यामुळे तुमच्या गाडीत ही सोय असणारच आणि साधा स्कॅनरही ती नोंद वाचू शकतो. तापमान ९० अंशांच्या आसपास, वेग शून्य आणि फेरे आयडलिंगचे असतील, तर वर सांगितलेला अंदाज बळावतो. तापमान २५-३० अंश असेल, म्हणजे कोड सकाळी गाडी निघता निघता आला असेल, तर जाड ऑइलावरचा संशय आणखी पक्का होतो. दोन्ही गॅरेजांनी ही नोंद पाहिली होती का, हे विचारा. पहिल्या वेळची नोंद आता गेली आहे. दिवा पुन्हा लागला तेव्हाची अजून शाबूत असेल. तिचा फोनवर फोटो काढून ठेवा.

त्याच भेटीत स्कॅनरवर आणखी कोणते कोड आहेत ते पाहायला सांगा. सोबत पी००१० असेल तर दोष ओसीव्हीच्या विजेच्या वाटेत आहे: वायर तुटली आहे, कपलर सैल आहे किंवा कॉइल गेली आहे. पी०३४० असेल तर कॅमच्या सेन्सरकडे पाहावे लागेल. पी००१६ असेल तर मात्र कॅम आणि क्रँक यांचा मेळच बसत नाही असा त्याचा अर्थ होतो, आणि तेव्हा चेन ताणली गेल्याचा किंवा एखादा दात सुटल्याचा संशय रास्त ठरतो. तुम्ही फक्त पी००११ लिहिला आहे. तेवढाच असेल, तर चेनचे नाव संशयितांच्या यादीत बरेच खाली जाते.

यानंतर ऑइल. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिक पाहा. पातळी खालच्या खुणेजवळ असेल तर बाकी सगळे बाजूला ठेवून तेच आधी दुरुस्त करायचे. मग ऑइल भरण्याचे झाकण उघडून टॉर्चच्या उजेडात आत डोकावा. धातूवर तपकिरी झाक असेल तर चालण्यासारखे आहे. काळा, खरवडून निघेल असा थर असेल तर चेंबरमधला (इंजिनाखाली ऑइल साठते तिथला) स्ट्रेनर, म्हणजे गाळणीही, बुजलेला असू शकतो. डॅशबोर्डवरचा लाल ऑइलचा दिवा लागत नाही, म्हणजे दाब ठीक आहे असे समजू नका. तो दिवा दाब जवळजवळ संपल्यावर, साधारण अर्ध्या बारच्याही खाली गेल्यावरच लागतो. व्हीव्हीटीला त्याहून पुष्कळ जास्त दाब लागतो. खरा दाब मोजायचा तर ऑइल प्रेशर स्विच काढून त्या जागी गेज लावावा लागतो. इंजिन पूर्ण तापल्यावर आयडलिंगला साधारण एक बार आणि ३,००० फेऱ्यांना तीन बारच्या आसपास दाब असला तर पंप आणि बेअरिंगांबद्दल काळजी नको. नेमके आकडे तुमच्या इंजिनच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळतील आणि तेच प्रमाण मानावेत. ही मोजणी अर्ध्या-पाऊण तासाची आहे, तरी ती करणारे गॅरेज शोधावे लागते ही खेदाची गोष्ट आहे.

ऑइल बदलताना पुस्तिकेतला ग्रेड आणि कंपनीचा फिल्टर घाला. फिल्टरवर काटकसर करू नका, कारण तुमची सकाळची खडखड तिथूनही येत असू शकेल. चांगल्या फिल्टरच्या आत रबराची एक झडप असते. इंजिन बंद असताना वरच्या वाटांतले ऑइल खाली चेंबरमध्ये निथळून जाऊ नये म्हणून ती ठेवलेली असते. ती कडक झाली किंवा हलक्या फिल्टरात नीट बसतच नसली, तर सकाळी ऑइल वर पोहोचेपर्यंत चेन ताठ ठेवणारा टेन्शनर आणि स्प्रॉकेट दोन्ही कोरडेच राहतात. दुसरे कारण स्प्रॉकेटमधली लॉक पिन असू शकते. ऑइलचा दाब नसताना ही पिन रोटरला मूळ जागी अडकवून ठेवते. बंद करताना कॅम मूळ जागी परतलाच नसेल तर पिन बसत नाही, आणि सकाळी दाब येईपर्यंत रोटर आत आपटत राहतो. तिसरे कारण म्हणजे झिजलेली चेन किंवा थकलेला टेन्शनर. दुसऱ्या गॅरेजने हे तिसरे कारण पहिले मानले. दोन-तीन हजारांत ऑइल आणि फिल्टर बदलून पहिली दोन कारणे तपासता येत असताना तसे करण्याची गरज नव्हती.

गाळ पाहून मेकॅनिक इंजिन फ्लश, म्हणजे रसायन घालून इंजिन आतून धुणे, सुचवेल. माझे मत त्याच्या विरोधात आहे. एवढ्या दिवसांचा थर फ्लशने एकदम सुटला, तर तो स्ट्रेनरमध्ये आणि ओसीव्हीच्या जाळीत जाऊन बसतो, आणि आधी नुसती मंद असलेली यंत्रणा पुरती बंद पडते. त्याऐवजी आत्ता योग्य ग्रेडचे ऑइल घालून हजार-दीड हजार किलोमीटरला ते फिल्टरसह पुन्हा बदलावे. दोनदा खर्च होतो हे मान्य. पण ताज्या ऑइलातले डिटर्जंट हेच काम सावकाश करते आणि सुटलेला मळ फिल्टरमध्ये अडकतो.

आता जाळीविषयी, कारण पहिल्या गॅरेजचे काम इथेच अपुरे राहिले असण्याची शक्यता मला सर्वांत अधिक वाटते. ओसीव्हीकडे जाणाऱ्या ऑइलच्या वाटेत चहाच्या गाळणीसारखी एक बारीक जाळी असते. काही इंजिनांत ती ओसीव्हीच्या अंगावरच असते आणि नव्या भागाबरोबर नवी येते. काहींत ती हेडमध्ये, एका वेगळ्या बोल्टच्या मागे असते. ओसीव्ही नवा घातला आणि ती जाळी तशीच बुजलेली राहिली, तर नव्या भागाकडे ऑइल पोहोचणारच कसे? तुमच्या इंजिनात जाळी कुठे आहे हे मॅन्युअलमध्ये पाहायला सांगा, ती काढून साफ करवून घ्या आणि काढताना स्वतः पाहा. तिच्यात चमकदार धातूचे कण दिसले तर मात्र प्रकरण वेगळे आणि गंभीर आहे. मग बेअरिंग, ऑइल पंप आणि चेन सगळेच उघडून पाहावे लागेल.

बसवलेला नवा ओसीव्ही कोणत्या बनावटीचा होता, हेही बिलावर पाहा. बाजारात हुबेहूब दिसणारे पण दांडीची फट भलतीच असलेले भाग मिळतात. जुना ओसीव्ही गॅरेजकडे अजून असेल तर तो परत मागून घ्या. त्याची परीक्षा घरच्या टेबलावरही होते. मल्टिमीटरने कॉइलचा रोध मोजला तर अनेक जपानी बनावटीच्या इंजिनांत तो थंड असताना ७ ओहमच्या आसपास मिळतो. तो अनंत दाखवत असेल तर कॉइल तुटलेली आहे. मग बॅटरीचे १२ व्होल्ट क्षणभर देऊन पाहा: दांडी टकटक करत सरकली पाहिजे आणि वीज काढताच पूर्ण मागे आली पाहिजे. ती अडखळत परतत असेल तर जुना भाग खरोखरच दोषी होता. ती झटक्यात परतत असेल, तर तुमचा पहिला खर्च वाया गेला हे कटू असले तरी उपयोगाचे ज्ञान मिळते, कारण मग ऑइलाची वाट आणि स्प्रॉकेट एवढेच संशयित उरतात. ज्या इंजिनांत इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्हीकडे सारखेच ओसीव्ही असतात, त्यांत ते आपसांत बदलून पाहणे सर्वांत स्वस्त: कोड पी००११ चा पी००१४ झाला तर दोष भागाबरोबर गेला, जागचा हलला नाही तर भाग निर्दोष.

इंजिनावर करायची परीक्षा जाणत्या मेकॅनिककडूनच करून घ्या. इंजिन तापवून आयडलिंगला ठेवायचे, ओसीव्हीचा कपलर काढायचा आणि ओसीव्हीला थेट १२ व्होल्ट क्षणभर द्यायचे. कॅम पुढे सरकतो, इंजिन गचके खाते किंवा बंदही पडते. वीज काढली की ते पुन्हा सुरळीत चालायला हवे. काहीच फरक पडला नाही तर ऑइल स्प्रॉकेटपर्यंत पोहोचत नाही किंवा स्प्रॉकेट आत जाम आहे. वीज काढल्यावरही गचके चालू राहिले तर कॅम परत येत नाही. वीज जास्त वेळ देऊ नये, कॉइल तापून जळते.

सगळ्यांत खात्रीचा पुरावा मिळतो तो चालत्या गाडीत. स्कॅनरवर कॅमचा अपेक्षित कोन, प्रत्यक्ष कोन आणि ओसीव्हीला दिलेल्या विजेचे टक्के असे तीन आकडे एकाच वेळी पाहता आले पाहिजेत. साध्या स्वस्त स्कॅनरवर ते दिसतीलच असे नाही, म्हणून गॅरेज निवडताना हे आधी विचारा. ईसीयूने २० अंश मागितले आणि प्रत्यक्ष कोन शून्यावरच राहून टक्के वाढत गेले, तर ऑइल पोहोचत नाही किंवा स्प्रॉकेट जाम आहे. कोन २० पर्यंत जातो पण रेंगाळत जातो आणि रेंगाळत परततो, तर मळ किंवा चुकीचे ऑइल. मला तुमच्या गाडीत हेच दिसण्याची अपेक्षा आहे. कोन झटपट हलतो, पण आयडलिंगपासून वरपर्यंत अपेक्षित आणि प्रत्यक्ष यांत सतत सारखाच फरक राहतो, तर मात्र यंत्रणा चांगली असून चेनचे नातेच बिघडलेले आहे. उदाहरणार्थ, कॅमच्या स्प्रॉकेटला ३६ दात असतील तर एक दात सुटल्यावर कॅम १० अंशांनी चुकतो, क्रँकच्या हिशेबाने २० अंशांनी.

हा कायमचा फरक दिसला, किंवा पी००१६ सोबत आला, किंवा योग्य ऑइल आणि फिल्टर घालूनही सकाळची खडखड थांबली नाही, तर टॅपेट कव्हर (इंजिनचे वरचे झाकण) उघडून चेनच्या खुणा जुळतात का आणि टेन्शनरची दांडी किती बाहेर आली आहे ते पाहायला सांगा. चेन ताणली जाते असे आपण म्हणतो, पण लोखंड रबरासारखे लांबत नाही. तिच्या पिना आणि बुश झिजतात आणि प्रत्येक कडीमागे थोडी थोडी लांबी वाढत जाते. मळलेल्या ऑइलावर दीर्घकाळ चाललेल्या इंजिनात ९२,००० किलोमीटरला अशी झीज होणे अशक्य मुळीच नाही. तशी ती निघाली, तर २८,००० रुपयांचा अंदाज अवाजवी आहे असे मी म्हणणार नाही. मग चेन, टेन्शनर, गाइड आणि स्प्रॉकेट एकदमच बदलावे, कारण खोलण्या-जोडण्याची मजुरी दोनदा देण्यात अर्थ नाही. फक्त त्या वेळी जुने भाग हातात घेऊन पाहा आणि मेकॅनिकला झीज बोटाने दाखवायला सांगा.

तोपर्यंत गाडी चालवावी का? चेक इंजिनचा दिवा स्थिर जळत असेल आणि ऑइलची पातळी ठीक असेल, तर गावातल्या गावात हळू चालवायला हरकत नाही. दिवा लुकलुकू लागला तर इंजिन मिसफायर करते आहे, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाही. तसेच दामटले तर धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळतो, आणि त्याची किंमत चेन किटपेक्षा पुष्कळ जास्त असते. लाल ऑइलचा दिवा लागला किंवा सकाळची खडखड थांबेनाशी झाली, तर त्याच जागी इंजिन बंद करून गाडी टो करून न्या. निदान होईपर्यंत पुण्याच्या फेऱ्या एसटीने कराव्यात असे मी सुचवेन.

गॅरेजमध्ये गेल्यावर "पी००११ दुरुस्त करा" असे सांगू नका, कारण त्याचे उत्तर भाग बदलूनच मिळते. फ्रीझ फ्रेम आणि सर्व कोड आधी लिहून घ्या, पुस्तिकेतल्या ग्रेडचे ऑइल आणि कंपनीचा फिल्टर घाला, ओसीव्हीची जाळी काढून साफ करा, मग कोड पुसा आणि मला शेजारी बसवून कॅमचे दोन्ही कोन दाखवा, असे कामाच्या कागदावर लिहूनच द्या. तपासणीची मजुरी वेगळी मागितली तर ती विनातक्रार द्या. ती मागणारा मेकॅनिक बहुधा तपासणी खरोखर करणारा असतो. त्यानंतर आठवडाभर नेहमीसारखी गाडी चालवा, त्यात एकदा तरी तापलेल्या इंजिनावर सिग्नलची गर्दी आणि एकदा घाटाचा चढ येऊ द्या. दिवा तरीही लागला, तर नव्या फ्रीझ फ्रेमचा आणि त्या तीन आकड्यांचा फोटो मला पाठवा; मग चेनविषयी बोलू.